न घेतलेल्या पुस्तकांची वही

मार्चची एकोणतीस तारीख. वेंगुर्ल्याच्या बंदरावरून
वारा येतो तो थेट कपाटांत शिरतो,
पुठ्ठ्यांना मीठ चढतं, कसरीला भूक लागते.
खात्यात अजून सतरा हजार चारशे.
परवापर्यंत खर्चले नाहीत तर परत जातील.
ओहोटीला अर्ज करता येत नाही.

टेबलावर तीन दरपत्रकं.
कोल्हापूरवाला वीस टक्के सूट देतो
आणि जुन्या आवृत्त्या गळ्यात मारतो.
पुण्याचा फोनच उचलत नाही.
सावंतवाडीचे कुडतरकर स्वतः येतात,
पिशवीतून आधी बोंडूचा रस काढतात,
मग बिलबुक.

कॉमर्सला एकाच गाइडच्या पंचवीस प्रती हव्यात.
एका सरांना स्वतःच्याच कवितासंग्रहाच्या दहा,
"संदर्भासाठी".
प्राणिशास्त्राला जेलीफिशवरचा एक जाडजूड ग्रंथ, किंमत पौंडात.
मी रोज सकाळी पौंडाचा भाव बघते,
आई बांगड्याचा बघायची तसा,
घ्यायचे नसतानाही.

फाटर्फेकर सरांनी निवृत्त होताना किल्ल्या दिल्या,
रबरी शिक्के दिले, दाखल नोंदवहीचे अकरा खंड दिले,
आणि खालच्या खणातली एक लाल वही.
म्हणाले, हिला ऑडिट नाही.

आत नुसती नकाराची यादी.
पुस्तक, कोणी मागितलं, का घेतलं नाही.
कारण : निधी नाही.
कारण : निधी नाही.
कारण : समितीला विषय रुचला नाही.
आणि एका जागी, एकोणीसशे ब्याऐंशी, जून,
कु. मुग्धा नाबर, विषय तारे,
कारण : मी विसरलो.

त्या दोन शब्दांपाशी मी अजून थांबते.

दोन वर्षांपूर्वीची माझी नोंद :
तन्वेश गिरप, एस.वाय.
वहीचं फाडलेलं पान, मागे कुणाची तरी क्रिकेटची धावसंख्या.
"भरती-ओहोटीचं गणित सोप्या मराठीत असेल तर बघा.
बाबा चंद्र बघून वेळ सांगतात, कारण सांगत नाहीत."

सगळ्या याद्या चाळल्या. नव्हतं.
कारण : असं पुस्तक नाही.
लिहिलं खरं, पण खात्री नव्हती,
म्हणून पेन्सिलनं.

आज लवू पार्सल घेऊन आला.
पुण्यातल्या एका रद्दीवाल्याला मी सांगून ठेवलं होतं
आणि सांगितल्याचं विसरलेही होते.
चौसष्ट पानं, बंद पडलेल्या छापखान्याचं,
बाइंडिंगच्या दोऱ्याला गंज नाही, तेवढंच नशीब.
छापील किंमत अडीच रुपये.
बिल चारशेचं.

आता ऑडिटर विचारणार, हा फरक कसला?
मी शेऱ्यात लिहिलं : दुर्मीळ.
मग वाटलं, खोटं कशाला,
आणि पुढे जोडलं : मागणी होती.

लवू म्हणाला, "मॅडम, तो खंय आता हंय?
मालप्याक गेलो, बोटीर."
मला ठाऊक होतं. त्याची अनामत मीच परत केली होती,
शंभराच्या दोन नोटा, त्याच्या हाताला डिझेलचा वास.

तरी क्रमांक दिला, एकतीस हजार आठशे सहा.
पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्यावर शिक्का,
आणि गुप्त पानावर, आमच्याकडे ते एकवीस.
तिथे नेमकी चंद्राची आकृती होती.
शिक्का जरा बाजूला मारला.

गाइडच्या प्रती पंचवीसच्या तेवीस केल्या.
कुडतरकर काही बोलले नाहीत, रस ओतत राहिले.

संध्याकाळी लाल वही काढली.
पेन्सिल होती, रबरानं गेली असती.
पण मी शाईनं रेघ मारली, पट्टी लावून.
या वहीत खोडलेली ही पहिलीच ओळ.

खाडाखोडीवर सही लागते, असा नियम आहे.
कोणाची, ते नियमात नाही.
माझी केली.
मग पानं मागे उलटत
एकोणीसशे ब्याऐंशीच्या जूनवर आले
आणि पुण्याला पुन्हा फोन लावला.