लसणाचा वास

त्या घरात लसूण कधी आलाच नव्हता.
शेलेफ्तेओच्या वाण्याकडे, एकोणीसशे चौऱ्याहत्तरात,
बटाटे मिळायचे, खारवलेलं हेरिंग, शेपू,
आणि तरी स्ट्युरे बुरवाल तांब्याच्या कारखान्यातून
पहाटे परतायचा
तो तोंडाला लसणाचा वास घेऊन.

थीरा काही बोलली नाही.
कॉफीचा कप जरा जोरात ठेवला, इतकंच.
कारखान्याच्या खाणावळीत झाग्रेबची एक स्वयंपाकीण होती,
तिच्या रश्श्याचं नाव होतं गावभर.

स्ट्युरेचं काम टाक्यांच्या तळाशी.
शुद्ध तांबं वर निघून गेलं
की खाली उरतो काळा गाळ, तो खरवडायचा.
त्यातलं सोनं साहेब मोजून नेत.
बाकीचं राखाडी, ठिसूळ, बिनकामाचं काहीतरी
पिंपात भरून मागच्या शेडमध्ये.

आता त्याची लेक राग्नहिल्ड
लुलेओच्या प्रयोगशाळेत
ते बिनकामाचं मिलिग्रॅममध्ये मोजते.
टेल्युरियम.
जर्मेनियम आणि अँटिमनीच्या संगतीत त्याचा पापुद्रा बसवते,
केसाच्या हजाराव्या भागाइतका.

विजेचा एक सणसणीत झटका: पापुद्रा वितळतो,
आणि अणूंना आपापली जागा सापडायच्या आत थिजतो.
काच होते. ही झाली एक नोंद.
मग बेताची, थोडी रेंगाळणारी ऊब:
अणू रांगेत येतात, स्फटिक होतो,
नोंद पुसली.
पापणी लवते तेवढ्यात हे कोटी वेळा.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
हिचा सगळा खटाटोप
पीळ घालता यावा, आणि हवा तेव्हा काढताही यावा, एवढ्यासाठी.

फक्त काच सरळ वागत नाही.
लिहिलेलं कपाटात ठेवून द्या, कुणी हात लावू नका,
तरी तिचा विरोध दिवसागणिक वाढतो.
आलेखावरची रेघ चढत राहते, किंचित, न थांबता.
तेक्ले म्हणतो, काच म्हातारी होते
आणि हट्टी होते.

तेक्लेचं टेबल शेजारचं. अस्मारात वाढलेला,
अजूनही आत कानटोपी घालून बसतो.
त्याच धातूची दुसरी वडी, बिस्मथमधली, त्याने खिडकीत बसवली आहे:
एक बाजू भट्टीच्या गरम नळीला,
दुसरी बाहेर, उणे एकतीसात.
मधल्या फरकावर वाटाण्याएवढा दिवा
नोव्हेंबरपासून जळतोय.
कुणी मोठे पाहुणे आले की तो आधी दिवा दाखवतो,
मग खुर्ची देतो.

सूर्याच्या तावदानांनाही हाच धातू लागतो,
आणि पृथ्वीकडे तो सोन्याइतकाच तुटपुंजा.
म्हणून राग्नहिल्ड सांडलेला कण टाकून देत नाही.
गेल्या मंगळवारी हातमोजा फाटला होता,
तिच्या ते लक्षातच आलं नाही.

"आई, लसूण खाल्लास?" मुलाने जेवताना विचारलं.
नव्हता खाल्ला.
ती न्हाणीघरात गेली, आरशावर श्वास सोडला,
नाक जवळ नेलं,
आणि बाबा दारात बूट काढत उभे होते.

रात्री दहाला आईला फोन लावला.
अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगितलं:
कणभर पोटात गेला तरी पुरतो,
शरीर त्याचा वायू करतं, तो श्वासातून निघतो,
आठवडेच्या आठवडे.
बाबा कुठेच जात नव्हते गं.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
रेडिओवर समुद्राचं हवामान.
पन्नास वर्षं कपाटात,
कुणी हात न लावलेलं.
मग थीरा म्हणाली,
"असेल. पण कोटात निळा रुमाल सापडला, तो कुणाचा?"

निळा रुमाल.
शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यातला.
बाबांच्या गळ्याला वारा लागू नये म्हणून
सात वर्षांच्या एका मुलीने
गुपचूप त्यांच्या खिशात कोंबलेला.

राग्नहिल्डने तोंड उघडलं.
फोनवर आपटून तिचाच श्वास परत आला,
लसणाचा.