धरून ठेवा

आमच्या इमारतीत फोन एकच. समेळकाकूंकडे,
तळमजला, खोली नंबर दोन.
काळा, जड, तबकडीला पितळी कुलूप,
अंगावर क्रोशाचं झाकण, खाली क्रोशाचाच रुमाल.
बत्तीस बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर
तोच नंबर, पुढे कंसात पीपी.
पाच, सात, आठ... पुढचे आकडे सांगणार नाही.
ते अजून पाठ आहेत, आणि दुसरा एकही नंबर
आता पाठ नाही,
माझ्या मुलीचासुद्धा.

पळायचं काम माझं.
कन्नमवार नगरात दिवेलागणीला
काकू खिडकीतून एवढंच म्हणायच्या, "वैजे, दळवी!"
की मी डाव टाकून जिने चढायची.
"दळवीकाका, फोन! ट्रंक कॉल नाही, साधा."
हे आधी सांगावं लागे.
ट्रंक कॉल म्हटलं की बायका पहिल्यांदा
पदर डोळ्यांना लावायच्या,
मग चपला शोधायच्या.

तेवढा वेळ रिसिव्हर
रुमालावर आडवा पडलेला.
एकदा मी तो हळूच कानाला लावला.
पलीकडे कुणी बोलत नव्हतं.
कुठल्याशा स्टँडवर कंडक्टरनं दोनदा घंटी मारली,
कुणीतरी खोकलं.
बूथमधलं मीटर लाल आकड्यांत पळत असणार,
आणि तो माणूस त्याच्याकडे बघत
चिपळुणात थांबला होता,
दळवीकाकांची नाडी बांधून होईपर्यंत.

काकू गिरणीत गेल्या की निरोपही मीच घ्यायची.
एका शनिवारी एक आवाज म्हणाला,
"विशाखा गवाणकरांना सांगशील?
उद्या चारला, राणीच्या बागेच्या फाटकाशी."
आणि आईशी बोलण्याचं काहीतरी.
"एवढं नक्की सांग हं."
मी हो म्हटलं.
दुसऱ्या वळणावर खालून डबा उडाल्याचा आवाज आला,
आणि राज्य माझ्यावर होतं.

सोमवारी दात घासताना आठवलं.

विशाखाताई गॅलरीत चादर वाळत घालत होती.
"काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग."
मी सांगितलं.
"परत सांग."
मी परत सांगितलं.
"आईशी बोललोय म्हणाला, की बोलेन?"
नऊ वर्षांची मी. एका क्रियापदावर
एवढं काही टांगलेलं असतं, मला काय ठाऊक.
"बोललोय," मी म्हटलं.
तिनं हातातला चिमटा माझ्या फ्रॉकला लावला
आणि पुढची चादर झटकली.
रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याचा पुन्हा फोन आला की नाही, माहीत नाही.
आला असेल तर दुसरं कुणी जिने चढलं.

आता तिथे बावीस मजले आहेत, दोन लिफ्ट.
आता निरोप पोचला की निळ्या खुणा उमटतात,
कुणी कितीला वाचला तेही कळतं.
चांगलंच आहे. ते दिवस सोन्याचे होते
असं मी म्हणणार नाही.
त्या फोनपायी समेळकाकूंना
एक घास कधी गरम मिळाला नाही.
आणि तो फाटकाशी किती वेळ उभा राहिला असेल,
शेंगदाण्याच्या किती पुड्या संपल्या असतील,
पाच वाजता, साडेपाचला,
माकडं बघून परतणाऱ्या पोरांच्या गर्दीत
प्रत्येक निळ्या साडीकडे मान वळवत.

पण झोप येत नाही तेव्हा
मी त्या जिन्यात असते.
वळण येतं. डबा कुणी उडवत नाही.
खाली रुमालावर रिसिव्हर तसाच आडवा,
आतून बारीक आवाजात हॅलो, हॅलो,
आणि मी कठड्यावरून ओरडते,
धरून ठेवा,
अहो, तिसराच मजला आहे.