सत्य प्रतिज्ञेवर

मुजावरांचा पोरगा रॅम सांगत होता, कोर सांगत होता,
मग वजन. "काकू, एका बोटावर उचला."
एका बोटावर मला काही उचलायचं नाही.
दहा बोटांचं काम आहे माझं,
त्यातली उजवी करंगळी चिकुनगुनियापासून
सकाळी नऊपर्यंत उठत नाही.

म्हटलं, बाबा, कोरी फाईल उघड,
मराठी रेमिंग्टन टाक, आणि जरा गप बस.

एकतीस वर्षं एकच वाक्य ठोकतेय:
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की.
आधी राजवाड्यापाशी, गोदरेजच्या मशीनवर,
मग कोर्ट विजयनगरला गेलं
तशी मागोमाग मी, टेबल टेम्पोत घालून.
नावातला बदल, हरवलेलं रेशनकार्ड,
हळदीच्या पेवावरून फाटलेले भाऊ.
बटण दाबलं की खाली काहीतरी लागायचं,
बादली पाण्याला टेकली की
दोर धरलेल्या हाताला कळतं, तसं.

पहिला लॅपटॉप वहीएवढा.
बटणं फरशीसारखी सपाट,
दाबलं का नाही हे बोटाला कळायच्या आत
ओळ पुढं गेलेली.
वर बघते तर
"सय प्रतिज्ञेवर लिहून देते की".
अर्धा त गिळला होता त्यानं.
"नवीन आहे ना, हात बसेल," पोरगा म्हणाला.

मला मगदूम बाई दिसल्या.
मिरजेत, सतारवाल्यांच्या आळीत, लाकडी जिन्यावरची इन्स्टिट्यूट.
खाली कारागीर भोपळ्याला टिचक्या मारून कान लावायचा,
वर बाई आमच्या हातांवर टॉवेल टाकायच्या:
बघू नका. बोटांना विचारा.
स अनामिकेखाली, य करंगळीखाली.
हात जागचा न हलवता
सय लिहिता येते.
सत्याला डावं बोट वर जावं लागतं
आणि उजव्या करंगळीला शिफ्ट धरून थांबावं लागतं.

दुसरा रुंद, कडेला आकड्यांची वेगळी चौकट.
"यार्डातले दिवाणजी हाच नेतात."
न्यावा. पण आकड्यांनी अक्षरं डावीकडं सारलेली,
मी स्क्रीनपुढं तिरकी,
तिघांच्या सीटवर चौथी बसल्यागत.
उजवी शिफ्ट कापून तिथं बाण बसवलेला.
करंगळी गेली आपल्या सवयीच्या जागी,
कर्सर टुणकन वर,
स खाली एकटा,
त जाऊन बसला दिनांकात.

तिसरा त्यानं दाखवलाच नसता.
खालच्या फळीवर, कुठल्याशा शाळेच्या ऑर्डरीतून परत आलेला,
जाडजूड, झाकणावर ओरखडा.
डोळे मिटले.
दोन टेंगळं सापडली, वेलांटीवर एक, र वर एक.
बटणं जरा खोलगट, बोटाला बूड टेकायला जागा.
शिफ्ट लांब, दुखऱ्या करंगळीनं आडवी पडली तरी चालेल अशी.
दाबलं,
आणि खालून कुणीतरी "हं" म्हणालं.
सत्य. अर्ध्या त सकट.

"बॅटरी तीनच तास, काकू."
कोर्टात प्लग आहे.
"वजन?"
टेबल वाहिलंय मी.
पुण्याहून लेक फोनवर:
आई, आता नुसतं बोललं तरी टाईप होतं.
अगं, माणूस रडत सांगतो,
मधेच सासऱ्याला शिवी घालतो.
ते सगळं लिहायचं नसतं.

बिल होईपर्यंत पहिल्यापाशी गेले.
वाक्य तसंच उघडं होतं.
पोरगा पुसायला आला, राहू दे म्हटलं.
सय प्रतिज्ञेवर लिहून देते की
की
पुढं काय, ते सुचेना.
सत्याच्या पुढचं मला झोपेतही येतं.

"नाव?"
सुलोचना कुंभोजे.
त्यानं दोन बोटांनी टाईप केलं, पावती फाडली.
कंभोजे.
म्हटलं, उकार राहिला रे.
परत दाब. जरा जोरात.