फट

वेंडेल क्राउझ दुकानात येतो तेव्हा
आधी त्याची लाकडी पेटी आत येते, मग तो.
पेटीत गेलेल्या भावाची रायफल, जर्मन घडणीची,
आणि तिच्या तोंडाला नवाकोरा सप्रेसर,
आठ महिने सरकारी शिक्क्याची वाट पाहून मिळालेला.
"डोळ्यांत झोंबतं," तो म्हणतो, जरा मोठ्यानेच,
"आणि पुंगळ्या थेट कुंपणापलीकडे,
शेजारणीच्या कोबीत."

टायटसव्हिलचा नोव्हेंबर. काचेवर बर्फाची बुरशी.
मी बोल्ट सोडवते.
आत सगळं काळं, चुलीमागच्या भिंतीसारखं.
सप्रेसर आवाज गिळतो खरा,
पण गिळलेलं सगळं पचत नाही त्याला;
उरला धूर माघारी फिरतो, घरातच.

दोन रोलर, करंगळीच्या नखाएवढे.
एवढ्या मोठ्या धडाक्याला ते इतकंच सांगतात:
थांब. जरासं. आता जा.
त्या थांबण्याची जागा मोजायची असते
गेजच्या पात्यांनी.
एक पातं फटीत सरकवायचं, अडलं की दुसरं,
त्याहून पातळ, श्वास धरून.
शेवटचं पातं माझ्या केसाहून बारीक असेल.
तेही अडलं.
फट मिटत आली होती, आणि कुणाला पत्ता नाही.
झिजण्याला आवाज नसतो, हेच तर.

आमच्या इचलकरंजीत आवाजाला तोटा नव्हता.
बाबा जॉबर. अठ्ठेचाळीस माग,
दिवसपाळी, रातपाळी, धोट्यांचा खडखडाट.
कान गेले चाळिशीत, कळलं पन्नाशीत.
तरी मागाच्या लोखंडावर तळवा टेकून सांगायचे,
"सातव्याचा पिकर गेलाय, बघ."
गेलेला असायचाच.
आई त्यांना जेवायला बोलवायची
ती दिव्याचं बटण खालीवर करून.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी
जेवण असं लुकलुकत येतं.

वेंडेलला यातलं काही सांगितलं नाही.
त्याला सांगितलं, रोलर बदलले, स्प्रिंग बदलली,
मागचा बफर तर चिमटीत धरताच भुगा झाला.
आणि आता सप्रेसर आहे म्हणजे ब्रश जास्त वेळा फिरवायचा,
तेल बेताचं, आळस नको.
तो मान हलवत होता
आणि माझ्या ओठांकडे बघत होता.
ते बघणं मी ओळखते.

शनिवारी रेंजवर गेलो, दोघंच.
सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही.
कुणीतरी लोखंडी ट्रंकेचं झाकण हातातून सोडावं
तसा आवाज झाला,
फक्त डोंगराने तो परत पाठवला नाही.
बोल्ट मागे गेला, पुढे आला, घाई न करता.
धूर तोंडावर आला नाही.
हेमलॉकच्या झाडात एक चिमुकला पक्षी बोलत होता;
थांबला,
पुन्हा बोलू लागला.
पुंगळी हातभरावर सिमेंटवर पडली.
टिण्. टिण्. टिण् करत गडगडली, माझ्या बुटाला लागून थांबली.

महिनाभर याच आवाजासाठी खपत होते मी.

वेंडेल जमिनीवर नजर फिरवत होता.
"पडली का?" त्याने विचारलं.

मी वाकले. पुंगळी उचलली, अजून गरम,
अंगावर काजळीच्या उभ्या बारीक रेघा,
त्याच्या तळव्यावर ठेवली.
त्याने मूठ मिटली.
भाजत असणार. पण उघडली नाही बराच वेळ.

बिलात रोलरचे पैसे लावले, स्प्रिंगचे लावले,
मोजण्याचे लावले नाहीत.
संध्याकाळी पाचलाच अंधार.
वळणावर त्याने ट्रकचे दिवे
दोनदा उघडझाप केले, निरोपाचे.
मी हात वर केला,
आणि एकदम भूक लागली मला.