पुढचा हूक

"हूक मागं असतोय ताई," इलाही मिस्त्री म्हणाला,
"पुढं असती ती वेसण."
उद्यमनगरातल्या त्याच्या शेडात
लेथवरचं पोरगंसुद्धा फिदीफिदी हसलं.

मी बॉनेटवर पुठ्ठा पसरला,
मिठाईच्या खोक्याचा, आतून तुपकट,
त्यावर पेन्सिलनं काढलेलं:
चॅसिसची दोन टोकं, मधे आडवी चौकोनी नळी,
नळीच्या पोटात दुसरी नळी,
तिच्या तोंडाशी गोळा.
मिस्त्रीनं चष्मा कपाळावरनं नाकावर घेतला.
"म्हंजे वढायचं न्हाई. ढकलायचंय."
"व्हय."
"काय?"
"नाव."
"कुणाचं?"
"पाण्यातली, मिस्त्री. होडी."

मग बंपर निघाला.
आत चिखल होता, थरावर थर,
गगनबावड्याच्या रानातला तांबडा
आणि त्याच्याखाली, घट्ट, पंचगंगेचा काळा.
स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडत त्यानं विचारलं,
"ह्यो कवाचा?"
मी पाना शोधत राहिले.

गोळा शिरोलीच्या भंगारात मिळाला, किलोच्या भावानं.
मी अण्णांच्या जुन्या ट्रकचा पाटाही आणलेला,
आधाराला लावू म्हणून.
मिस्त्रीनं तो हातोडीनं वाजवला, कान देऊन ऐकला,
आणि बाजूला ठेवला.
"स्प्रिंगचं पोलाद टाका धरत न्हाई.
वरनं धरल्यागत दावतंय,
आन् ऐन टायमाला तडकतंय."
मग आठ एमएमची प्लेट,
चॅसिसला वेल्डिंग नाही, भोकं, चार चार बोल्ट,
डोक्यावर आठ पॉइंट आठ लिहिलेले.
"बॅटरीची वायर काढ रं आधी," तो पोराला ओरडला,
आणि हेल्मेट खाली.

निळा उजेड.
मी भिंतीकडं तोंड करून उभी.
भिंतीवर माझीच सावली थरथरत होती
आणि मी पाठीमागं बघायचं नाही म्हणून
सगळं सांगून टाकलं, भिंतीला.

की त्या वर्षी गावच्या उतारावर
अण्णा ट्रॉली रिव्हर्स घेत होते,
मान पाठीमागं वळवून, काचेवर वाफ,
आणि ट्रॉली कोपरात मोडल्यागत वाकडी झाली,
खांबाला अडकली.
पुढं घे, मागं घे, पुढं घे.
सायलेन्सर पाण्यात बुडबुडत होता.
अकरा मिनिटं. आम्ही नव्हती मोजली.
लोकांनी मोजली, नंतर.
शिंत्र्यांच्या स्लॅबवर सात माणसं होती, सातही आली.
खाली गोठ्यात म्हैस होती, गाभण,
तिचं दावं सोडायला तेवढीच मिनिटं लागली असती.
कुणी काही बोललं नाही.
म्हातारीनं तर चहा पाजला.
पण तेव्हापासनं अण्णा मान वळवत नाहीत,
मागनं हाक आली
तर आख्खे वळतात, कपाटासारखे.

उजेड थांबला.
मिस्त्री टाक्यावरची खपली ठोकत होता, टिक टिक टिक.
ऐकलं की नाही, कळलं नाही.
"गोळा चार बोटं वर घेतो," एवढंच म्हणाला,
"उतारावर जीप नाक खाली घालती."

बिलावर त्यानं लिहिलं:
वेसण, १ नग.
एक रुपया सोडला नाही.

रविवारी रिकामी होडी घेऊन घाटाच्या उतारावर.
अण्णा शेजारी, हात मांडीवर.
ट्रॉली आता डोळ्यांसमोर,
होडीचं बूड, चाकं, पाण्याची कड,
सगळं काचेतनं सरळ, पिच्चरसारखं.
स्टिअरिंगला मात्र उलटं डोकं लागतं,
तिला डावीकडं न्यायचं तर आपण आधी उजवीकडं.
दोनदा चुकले.
तिसऱ्यांदा चाकं पाण्यात गेली,
होडी हलकेच उचलली गेली, ट्रॉलीवरनं सुटली.
अण्णा म्हणाले, "रेडिएटरला वारा कमी लागंल."
आणखी थोड्या वेळानं,
"किती झाली?"
मी घड्याळ बघितलं.
"दीड."
त्यांनी काच खाली केली. थुंकले. वर केली.

पुढं आलेला हूक नडगीला लागतो.
आतापर्यंत पोस्टमन, लाईनमन, मी,
आणि तपासायला आलेला स्वतः इलाही मिस्त्री.
अण्णांना दोनदा.
शिव्या घालतात, चोळत बसतात.
नळी बाहेर काढून ठेवता येते, एका पिनेचं काम,
मिस्त्रीनं मुद्दाम तशी केलीय.
काढू देत नाहीत.