काकडीची बरणी

व्होर्ष्ला पहिल्यांदा विधानसभेत गेली
तेव्हा तिच्या पिशवीत काकडीच्या लोणच्याची जुनी बरणी होती,
आत श्प्रे नदीचं पाणी, कोऱ्या चहासारखं.
दारावरच्या शिपायानं विचारलं, हे काय?
ती म्हणाली, माझं ओळखपत्र.
(असं ती सांगायची. मला वाटतं,
तिनं मुकाट्यानं खरं ओळखपत्रच दाखवलं असणार.
माझ्या बहिणीला जागच्या जागी उत्तर कधी सुचलं नाही;
रात्री सुचायचं, आणि सकाळी ती ते घडलेलं म्हणून सांगायची.)

मी खाणीत पंपावर होतो. एकतीस वर्षं.
कोळसा कोरडा राहावा म्हणून
जमिनीखालचं पाणी उपसायचं, रात्रंदिवस.
इकडे मी उपसायचो, तिकडे ब्रेझिनातल्या विहिरी
एकेक करून खोल जायच्या.
शेवटी आमच्याच अंगणातली.
आईनं पोहरा सोडला, दोर संपला,
पोहरा दगडावर वाजला.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी ते विसरलेलो नाही.

व्होर्ष्ला तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवायची.
एका जानेवारीत ती आणि आणखी नऊ जण
कोळशाच्या पट्ट्यावर जाऊन आडवे झाले.
बटण माझ्या पाळीतल्या एगबर्टनं बंद केलं.
मी डबा उघडून पाव खात होतो.
वायरलेसवर कुणीतरी म्हणालं,
एक बाई आहे, सॉर्ब बोलीत शिव्या घालतेय.
मी म्हटलं, शिव्या नाहीत त्या.
थंडी वाजतेय म्हणतेय ती.

मग निवडणूक. मग दुसरी.
पोट्सडामची गाडी पहाटे पाच बावन्नची.
कॅन्टीनमध्ये सगळे तिला पाण्यात पाहायचे,
आणि तीही पाण्यातच पाहायची:
लोखंड किती, सल्फेट किती, दर महिन्याला, चौकटीच्या वहीत.
भाषणात ती तेच वाचून दाखवायची.
सभागृह जांभया द्यायचं.
मंत्री आले नि गेले, चार.
प्रत्येकासमोर तिनं बरणी हलवली,
तळाचा गंज ढवळून वर आला,
मंत्र्यांनी मान हलवली.

तिसऱ्या खेपेला तिचा पक्ष सरकारात बसला.
रात्री अडीचला कराराचा कागद समोर आला:
ब्रेझिन राहील. व्होल्शिना जाईल.
खाण आणखी सोळा वर्षं.
तिनं सही केली.

व्होल्शिना म्हणजे आमच्या आईचं माहेर.
आई तिथंच पुरलेली, तिच्या आईशेजारी.

व्होल्शिनाच्या लोकांनी ऑफिसच्या पायरीवर
ईस्टरची रंगवलेली अंडी आणून फोडली,
पिसाच्या टोकानं, मेणानं काढलेली नक्षी;
एकेका अंड्याला अख्खी संध्याकाळ जाते.
पट्ट्यावर तिच्या शेजारी झोपलेल्यांपैकी
सात जण तिच्याशी बोलेनासे झाले.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणाले.
माझं निवृत्तिवेतन त्या सोळा वर्षांत नीट बसलं.
मी तिला काही म्हटलं नाही.

नोव्हेंबरात कबरी हलवल्या.
ताडपत्रीच्या आडोशाला आम्ही दोघं उभे,
पाद्री नाक पुसत होता, माणसं हळूहळू खणत होती.
सहा फूट खाली माती भुसभुशीत, कोरडी ठणठणीत.
खणणारा म्हणाला, नशीबवान आहात,
ओल असती तर काही हाती लागलं नसतं.
व्होर्ष्लानं माझा हात धरला.
का धरला, अजून कळलेलं नाही.

पुढच्या वेळी ती नऊशे चौदा मतांनी पडली.
आता जुन्या खाणीच्या तळ्यावर जाते, क्रौंच मोजते,
त्याच वहीची उरलेली पानं वापरते.
ऑफिस रिकामं केलं त्या दिवशी
बरणी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली,
घे, तुझंच आहे.

खिडकीत असते ती.
वर पाणी निवळशंख, तळाला बोटभर गंज.
बायको शनिवारी काचा पुसताना
दोन्ही हातांनी उचलते, हलू नये म्हणून.
रविवारी व्होर्ष्ला जेवायला येते,
कोट काढायच्या आधी
बरणी एकदा हलवते, काही न बोलता,
आणि खुर्ची ओढून बसते.
सूप संपेपर्यंत पाणी गढूळ असतं.