शिल्लक

मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीवर
अडतीस वर्षं काट्यापाशी उभे राहिलेले आबा
पौषातल्या एका पहाटे
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावता लावता
उजवीकडे कलले.
म्हशीनं नुसती मान वळवून बघितलं.

सीपीआरमधून घरी आणलं तेव्हा
सगळ्या बोलण्यातलं एकच अक्षर मागं उरलं होतं:
बा.

पाणी हवं, बा.
पंखा नको, बा.
पेपरातला गुळाचा दर वाचून दाखवला
की लांबवत, नाराजीनं, बाऽऽ.

आई म्हणाली, "बापाला हाक मारत्यात.
जोतिबाच्या खेट्याला निघालेला म्हातारा वाटंतच गेला.
ह्यांनी तवा हाक मारली न्हवती,
ती ऱ्हायलीया."

संकेश्वरची चुलती आली, पिशवीत तंबाखू आणि लिंबाचं लोणचं.
दारातूनच तिनं ऐकलं.
"बाप कुठला घेऊन बसलीस? ये म्हणतोय त्यो.
आमच्यात वासराला सुदीक बाच म्हणत्यात."
चप्पल न काढता ती खाटेपाशी गेली,
"बंदे, बंदे," म्हणाली, आले, आले.
आबा तासभर गप्प झोपले.
आईनं लोणचं फळीवर ठेवलं, जरा जोरातच.

मग अडतीचे वाडीलालशेठ, सोबत सहा मोसंबी.
बसले, आजाराचा खर्च विचारला,
आणि तिसऱ्या का चौथ्या बा-ला
चष्मा काढून धोतरानं पुसत राहिले.
"आमच्या घरात," म्हणाले, "बा म्हणजे आई."
पुढं काही नाही.
जाताना पायऱ्या मोजल्यासारखे उतरले.

मी शिरोलीच्या फाउंड्रीत निर्यातीचे कागद करते.
व्हिएतनामच्या गिऱ्हाइकाला विचारलं, तिकडं बा म्हणजे तीन,
दक्षिणेकडं वडीलही.
चिनी माणसाचा बा सरळ गेला तर आठ,
वरून खाली पडला तर बाप.
त्या रात्री मी कान लावून बसले,
आबांचा बा सरळ जातो की पडतो?
तो गंगावेशीच्या उतारावरच्या सायकलीसारखा
कधी असा, कधी तसा.

जपानात बा म्हणजे जागा.
आणि फार जुन्या मिसरात बा म्हणजे
माणसाचं तोंड असलेलं पाखरू,
मेलेल्या देहातून दिवसा उडून जाणारं,
रात्री परत येणारं.
हे मी आईला सांगितलं नाही.
रात्री खिडकी मात्र उघडीच ठेवते, उकाड्याचं निमित्त करून.

ह्या सगळ्या बा-ची आपसात भावकी नाही, सोयरीक नाही.
गुजरातीतला आपल्या लांबच्या नात्यातला असेल, बाकीचे परके.
ओठ मिटायचे, श्वास मागं थोपवायचा, ओठ सोडायचे.
दात न आलेल्याला जमतं.
आबांना जमतंय, एवढंच.

काल रात्री लाईट गेली.
अंधारात डावा हात चाचपत आला,
माझं मनगट धरलं, खालीवर केलं,
रव्याचा अंदाज घेतल्यासारखं.
बा, म्हणाले.
मापाडी एक म्हणत नाही, ते मला लहानपणापासून ठाऊक.
"लाभ," मी म्हटलं.
बा.
"दोन."
बा.
"तीन." बा. "चार." बा.
हात दरवेळी तसाच खालीवर,
एकही माप चुकलं नाही.

अकरानंतर मी थांबले, नुसती.
बा, आबा म्हणाले.
"रा," मी म्हटलं.

अर्धं तोंड हसलं, अंधारातही कळलं मला.
आई कूस बदलत म्हणाली, झोपा की आता.
पण हात सुटेना,
आणि बावीस काही फार लांब नव्हते.